घरच्या संगणकासाठी कोणत्या कंपनीची हार्ड डिस्क भरवशाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांत भरवशाची हार्ड डिस्क कोणती कंपनी बनवते?

एका कंपनीचे नाव घेऊन या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या बनवतात. या तिघींच्याही काही डिस्क वर्षानुवर्षे विनातक्रार चालल्या आहेत आणि काहींनी ग्राहकांना मनस्ताप दिला आहे. उपलब्ध आकडेवारी बारकाईने पाहिली, तर दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमधला फरक पुष्कळदा मोठा निघतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा लेबलवर बारीक अक्षरांत छापलेला मॉडेल क्रमांक अधिक महत्त्वाचा आहे, आणि खरेदीपूर्वीचा शोध त्या क्रमांकानेच घ्यावा.

तीनच कंपन्या? मॅक्स्टर, हिताची, सॅमसंग यांच्या डिस्कचे काय झाले?

त्या सर्व या तिघींमध्ये मिसळून गेल्या. क्वांटमचा हार्ड डिस्क व्यवसाय २००१ मध्ये मॅक्स्टरकडे गेला आणि २००६ मध्ये सीगेटने मॅक्स्टरलाच विकत घेतले. सॅमसंगचा हार्ड डिस्क विभाग २०११ मध्ये सीगेटकडे आला. फुजित्सूचा २००९ मध्ये तोशिबाकडे गेला. आयबीएमने आपला विभाग हिताचीला दिला, त्यातून २००३ मध्ये हिताचीची स्वतंत्र हार्ड डिस्क कंपनी उभी राहिली आणि २०१२ मध्ये ती वेस्टर्न डिजिटलच्या ताब्यात आली. त्या व्यवहाराला मान्यता देताना नियामकांनी घातलेल्या अटींमुळे साडेतीन इंची डिस्क बनवण्याची काही साधनसामग्री वेस्टर्न डिजिटलला तोशिबाकडे सोपवावी लागली.

या वंशावळीचा व्यवहारातला अर्थ असा, की पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या नावाविषयी बनलेले मत आज त्याच नावाला चिकटवता येत नाही, कारण त्या नावामागचे कारखाने, अभियंते आणि आराखडे बदललेले असू शकतात.

मग काही कंपन्या कायमच्या बदनाम कशा झाल्या?

बहुतेक वेळा एखाद्या मॉडेलमुळे. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही मालिका २००० मध्ये बाजारात आली तेव्हा वेग आणि क्षमता या दोन्हींत ती आघाडीवर होती, पण ती इतक्या मोठ्या प्रमाणावर बिघडू लागली की डेस्कस्टारला लोक ‘डेथस्टार’ म्हणू लागले आणि अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. पुढे तोच विभाग हिताचीकडे गेला आणि डेस्कस्टार हे नाव तसेच राहिले. गंमत वाटेल, पण बॅकब्लेझ या डेटा साठवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ज्या डिस्क सर्वांत चांगल्या ठरल्या, त्या हिताचीच्या डेस्कस्टारच होत्या आणि त्यांच्या अनेक मॉडेलांचा वार्षिक बिघाड दर १ टक्क्याच्या आसपास होता. ज्यांनी ‘डेथस्टार’ लक्षात ठेवून हे नाव वर्ज्य केले, त्यांनी त्या काळातली उत्तम डिस्क नाकारली.

सीगेटची गोष्ट याच्या उलट दिशेने वाचण्यासारखी आहे. त्याच तुलनेत सीगेटच्या ३ टीबी क्षमतेच्या एसटी३०००डीएम००१ या मॉडेलचा वार्षिक बिघाड दर जवळजवळ १० टक्के दिसला, तर हिताचीच्या ३ टीबीच्या डिस्कचा १ टक्क्याहून कमी. हा फरक योगायोगाने पडावा एवढा लहान नव्हता आणि त्या मॉडेलवरून २०१६ मध्ये अमेरिकेत सीगेटवर सामूहिक दावाही झाला. तरीही त्याच सीगेटची ६ टीबीची एक डिस्क बॅकब्लेझकडेच पुढे अनेक वर्षे १ टक्क्याच्या आसपासचा दर राखून चालली. कंपनी एक, आकडेवारी ठेवणारे एकच, आणि दोन मॉडेलांत दहापटीच्या जवळ जाणारा फरक.

तिसरा प्रकार यंत्रभागांशी संबंधितच नव्हता. २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या सुरुवातीस सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कला आतून चालवणाऱ्या तिच्याच आज्ञावलीतल्या, चुकीमुळे संगणक सुरू करताना अचानक गोठून जात. तबकड्यांवरचा डेटा शाबूत असे, पण संगणकाला डिस्क दिसतच नसे. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले. अशा दोषाचा अंदाज डिस्कचा आवाज ऐकून किंवा तापमान पाहून येत नाही, म्हणून नवी डिस्क लावल्यावर तिच्यासाठी फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे का, हे निर्मात्याच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे.

बॅकब्लेझ म्हणजे काय, आणि तिचे आकडे घरच्या वापराला लागू पडतात का?

बॅकब्लेझ ही लोकांचा डेटा स्वतःच्या केंद्रांत साठवून ठेवणारी अमेरिकी कंपनी आहे. आपल्याकडच्या डिस्क कशा चालतात याची आकडेवारी ती २०१३ पासून प्रसिद्ध करत आली आहे आणि प्रत्येक डिस्कची रोजची कच्ची नोंदही सर्वांसाठी खुली ठेवते. तिच्याकडे आता ३ लाखांहून अधिक डिस्क आहेत. तिच्या सर्व डिस्कांचा एकत्रित वार्षिक बिघाड दर २०२१ मध्ये १.०१ टक्के, २०२२ मध्ये १.३७ टक्के, २०२३ मध्ये १.४० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होता. निर्माते स्वतः असे आकडे देत नाहीत, त्यामुळे या नोंदींचे मोल मोठे आहे.

मात्र त्या वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, तिथल्या डिस्क रात्रंदिवस चालू असतात, थंड ठेवलेल्या जागेत असतात आणि एका पेटीत डझनावारी शेजारी-शेजारी कंप पावत असतात. घरची डिस्क दिवसातून दोनदा चालू-बंद होते, धूळ खाते आणि कधी टेबलावरून पडते. दुसरी, अलीकडच्या वर्षांत तिथे मुख्यतः मोठ्या क्षमतेच्या, डेटा केंद्रांसाठी बनवलेल्या डिस्क असतात, त्यामुळे घरी लागणारे १ किंवा २ टीबीचे साधे मॉडेल त्या तक्त्यात बहुधा सापडत नाही. तिसरी, तक्त्यातल्या ज्या मॉडेलच्या डिस्क थोड्या आहेत किंवा नव्या आहेत, त्यांच्या टक्केवारीवर विसंबू नये. दोनशे डिस्क तीन महिने चालल्या आणि त्यांतली एक गेली, तर वार्षिक दर २ टक्के दिसतो, आणि दोन गेल्या तर तोच ४ टक्के होतो. टक्केवारीच्या शेजारी डिस्कांची संख्या आणि चाललेले एकूण दिवस दिलेले असतात. ते आधी वाचावेत.

माहितीपत्रकात ‘१० लाख तास’ लिहिलेले असते. म्हणजे डिस्क शंभर वर्षे चालेल का?

नाही. १० लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे होतात हे खरे, पण हा आकडा एका डिस्कचे आयुष्य सांगत नाही. पुष्कळ डिस्क एकाच वेळी चालवल्या तर किती तासांमागे एक बिघाड अपेक्षित आहे, एवढेच तो सांगतो. वर्षाच्या ८,७६० तासांनी हिशेब केला तर १० लाख तासांचा अर्थ वर्षाला शंभरांत ०.८८ डिस्क बिघडणार, असा निघतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे सर्रास आढळले आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. माहितीपत्रकातल्या या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करणे म्हणूनच व्यर्थ आहे.

माझ्या एकाच कंपनीच्या दोन डिस्क गेल्या. यावरून ती कंपनी वाईट ठरत नाही का?

राग येणे स्वाभाविक आहे, विशेषतः त्या डिस्कांवर घरची छायाचित्रे असतील तर. परंतु निष्कर्ष तेवढ्यावरून निघत नाही, आणि हा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण कंपन्यांविषयीची बहुतेक ठाम मते इथूनच जन्मतात.

असे समजू की एका चांगल्या मॉडेलचा वार्षिक बिघाड दर १.५ टक्के आहे आणि दुसऱ्या, तुलनेने वाईट मॉडेलचा ३ टक्के, म्हणजे नेमका दुप्पट. पाच वर्षांत पहिल्या मॉडेलच्या शंभर मालकांपैकी सुमारे सात जणांची डिस्क बिघडेल, तर दुसऱ्याच्या शंभरांपैकी सुमारे चौदा जणांची. याचाच अर्थ वाईट मॉडेल घेणारे शहाऐंशी जण ‘मला कधीच त्रास झाला नाही’ असे मनापासून सांगतील, आणि चांगले मॉडेल घेणारे सात जण त्या कंपनीचे नावही काढू देणार नाहीत. दोघेही खरे बोलत असतात. त्यांच्या बोलण्यातून दुप्पट फरक मात्र कधीच उमगत नाही. एखाद्या डिस्कचा बिघाड दर वर्षाला १ टक्क्याहून कमी आहे असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणायचे असेल, तर तशा तीनशे डिस्क वर्षभर चालवून त्यांतली एकही बिघडता कामा नये. एवढा अनुभव कोणत्याही घराकडे नसतो आणि बहुतेक दुरुस्ती करणाऱ्यांकडेही नसतो, कारण त्यांच्यापुढे बिघडलेल्याच डिस्क येतात आणि ज्या कंपनीच्या डिस्क जास्त खपतात, तिच्याच त्यांना जास्त दिसतात.

एकत्र घेतलेल्या दोन डिस्क पाठोपाठ जाण्यामागे समान कारणही असू शकते. माझ्या एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क तीन आठवड्यांच्या अंतराने गेल्या. दोन्ही एकाच खोक्यातून आल्या होत्या आणि एकाच जुन्या पॉवर सप्लायवर चालत होत्या. पॉवर सप्लाय बदलल्यावर त्याच मॉडेलची तिसरी डिस्क आजही चालते आहे. कंपनीला दोष द्यायचा, प्रवासातल्या आदळआपटीला की विजेला, हे मला आजही ठरवता येत नाही.

घरगुती, नॅस आणि एंटरप्राइझ या प्रकारांत टिकाऊपणाचा खरा फरक आहे का?

फरक आहे, पण तो जाहिरातीत दिसतो तेवढा सरळ नाही. निर्माते वर्षाकाठी किती डेटाची ये-जा गृहीत धरली आहे हे सांगतात. साध्या डेस्कटॉप डिस्कसाठी हा आकडा बहुधा ५५ टीबी, नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरून सर्वांना वापरता येणाऱ्या साठवण पेटीत बसवायच्या, डिस्कला १८० टीबी आणि मोठ्या संस्थांच्या सर्व्हरसाठीच्या एंटरप्राइझ डिस्कला ५५० टीबी असतो. दस्तऐवज, छायाचित्रे आणि चित्रपट ठेवणारे घर ५५ टीबीच्या जवळपासही जात नाही. बॅकब्लेझने २०१३ मध्ये तुलना केली तेव्हा महागड्या एंटरप्राइझ डिस्कांचा बिघाड दर साध्या डिस्कांपेक्षा कमी आढळला नव्हता. अधिक पैसे मोजून जे निश्चित मिळते ते म्हणजे अधिक लांबीची वॉरंटी आणि कंप सहन करण्याची सोय. त्याबरोबर वाढलेला आवाज आणि उष्णताही मिळते, जी बैठकीच्या खोलीत नको असते.

उलट बाजूही सांगायला हवी. साधी डेस्कटॉप डिस्क रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या चालवण्याची व्यवस्था) लावली, तर खराब सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा बिघडलेला छोटा कप्पा, वाचण्यासाठी ती फार वेळ झगडत राहते आणि नियंत्रक तिला मृत समजून बाहेर काढतो. नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात. एकट्या डिस्कसाठी मात्र हा चिकाटीचा स्वभाव चांगलाच असतो.

एसएमआर डिस्क टाळावी का?

एसएमआर तंत्रात डेटाच्या पट्ट्या घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर अधिक डेटा मावतो, पण एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सतत लिहिण्याचे काम असेल तर अशी डिस्क फार मंदावते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले. कंपनीने तसे आधी सांगितले नव्हते आणि या डिस्क तर नॅससाठी म्हणून विकल्या जात होत्या. RAID ची पुनर्बांधणी करताना अडचणी आलेल्या लोकांचा संताप योग्य होता. त्यानंतर कंपनीने जुन्या पद्धतीच्या सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवलेल्या) डिस्क ‘रेड प्लस’ या नावाखाली वेगळ्या केल्या. तिन्ही निर्मात्यांकडे एसएमआर मॉडेले आहेत. महिन्यातून दोनदा बॅकअप घेण्यासाठी ती चालतात. ज्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची आहे किंवा जी RAID मध्ये जायची आहे, ती सीएमआर असल्याची खात्री मॉडेल क्रमांकावरून करून घ्यावी.

डिस्क बिघडणार हे आधी कळते का?

निम्म्याशिम्म्या वेळा. प्रत्येक डिस्क स्मार्ट नावाची स्वतःची आरोग्यनोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनांनी ती वाचता येते. त्या लांबलचक यादीतल्या ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींकडे पाहावे. विशेषतः ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर आणि १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले सेक्टर. यांचा कच्चा आकडा (raw value) शून्यावरून हलला आणि आठवड्यागणिक वाढू लागला, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. गूगलने २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली स्कॅन त्रुटी (तबकडीचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. पण त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या स्मार्टमधील चार महत्त्वाच्या नोंदी शेवटपर्यंत कोऱ्या होत्या. इशारा मिळाला तर तो खरा मानावा. न मिळाला म्हणून निर्धास्त राहू नये.

उष्णतेने डिस्क लवकर जाते का?

अति उष्णतेने जाते. नेहमीच्या मर्यादेत मात्र समजले जाते तेवढा परिणाम गूगलच्या त्या अभ्यासात दिसला नव्हता. चालू डिस्कला बसणारा धक्का याहून कितीतरी घातक असतो.

पोर्टेबल डिस्क कमी भरवशाच्या असतात का?

आतली डिस्क तशी वेगळी नसते. ती अधिक हाताळली जाते आणि चालू असताना पडते, हे तिच्या अकाली मरणाचे मुख्य कारण आहे. आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी माहीत असावी. काही अडीच इंची पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावर असते. ती तुटली तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या केसमध्ये लावता येत नाही. शिवाय काही मॉडेलांत डेटा आपोआप कूटबद्ध होतो, त्यामुळे बोर्ड जळल्यावर तो परत मिळवणे अधिकच अवघड होते.

वॉरंटी जास्त असेल तर डिस्क चांगली समजावी का?

वॉरंटी हा अंशतः तांत्रिक आणि बराचसा व्यापारी निर्णय असतो. थायलंडमधल्या २०११ च्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर तुटवडा झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सीगेट व वेस्टर्न डिजिटल या दोघींनी अनेक साध्या मॉडेलांची वॉरंटी कमी केली. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू आणि ग्रीन डिस्कची वॉरंटी तीन वर्षांवरून दोनवर आली. त्या डिस्क एका रात्रीत वाईट झाल्या नव्हत्या. वॉरंटीत बदलून मिळते ती रिकामी डिस्क, आणि तीही बहुधा दुरुस्त केलेली. दोन सारख्या मॉडेलांत निवड करायची असेल तर अधिक वॉरंटी असलेले घ्यावे, एवढेच तिचे महत्त्व आहे.

हार्ड डिस्क सोडून एसएसडीच घेतली तर हा प्रश्न संपेल का?

एसएसडीत फिरते भाग नसतात, डेटा चिपवर असतो, त्यामुळे धक्क्याचा आणि आवाजाचा प्रश्न संपेल. ऑपरेटिंग सिस्टिम आज एसएसडीवरच असावी, याबद्दल दुमत नको. परंतु एसएसडीही फर्मवेअरच्या चुकीने बिघडतात. एचपीई कंपनीने २०१९ मध्ये स्वतःच सूचना काढली होती, की तिच्या काही एसएसडी नेमक्या ३२,७६८ तासांनंतर, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आसपास, कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरचा डेटाही जाईल. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क त्यामुळे एकाच वेळी बंद पडल्या असत्या. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठीही योग्य नाही. मोठ्या, क्वचित उघडल्या जाणाऱ्या संग्रहासाठी फिरती डिस्क अजूनही सोयीची आहे.

नवी म्हणून विकलेली डिस्क खरोखर नवी आहे हे कसे ओळखावे?

स्मार्टमधील चालू तासांची नोंद पहिल्याच दिवशी पाहावी. पण तीही पुसता येते. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या, डेटा केंद्रांसाठी बनवलेल्या पण आधीच वापरलेल्या डिस्क नोंदी शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचे युरोपात उघडकीस आले. सीगेटच्या डिस्क फार्म नावाची वेगळी अंतर्गत नोंदही ठेवतात, आणि त्या प्रकरणात फसवणूक उघडी पडली ती तिच्यामुळे. स्मार्टमॉनटूल्सच्या नव्या आवृत्तीने ती वाचता येते. दोन्ही ठिकाणचे तास जुळले नाहीत तर डिस्क परत करावी.

नवी डिस्क लगेच वापरायला घ्यावी का?

आधी तिच्या प्रत्येक सेक्टरवर एकदा लिहून ते परत वाचावे. ४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने नुसते लिहायला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि वाचायला पुन्हा तेवढेच. दोन्ही पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे आणि मग स्मार्टमधील ५ व १९७ या नोंदी पाहाव्यात. परत करण्याची मुदत असतानाच दोष सापडला तर बदलून घेणे सोपे जाते.

बॅकअपसाठी दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या घ्याव्यात की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या, किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. कंपन्यांची तुलना घरी उपयोगाला येते ती इथे. एका मॉडेलमध्ये दडलेला दोष दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलमध्ये त्याच वेळी असण्याची शक्यता फार कमी असते. तिसरी प्रत दुसऱ्या घरी किंवा एखाद्या ऑनलाइन सेवेवर ठेवावी. RAID ला बॅकअप समजू नये, कारण चुकून पुसलेली फाइल RAID तत्परतेने सर्व डिस्कांवरून पुसते.

डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला आहे आणि दुसरी प्रत नाही. आता काय करावे?

संगणक ताबडतोब बंद करावा आणि पुन्हा चालू करून पाहू नये. हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक फेरीत डेटा खरवडला जातो. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये, कारण बाहेर काढल्यावर आत साचलेला दमटपणा तबकड्यांवर बसतो. डिस्क उघडूही नये, कारण हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असते. डेटा मोलाचा असेल तर धूळविरहित कक्ष असलेल्या व्यावसायिक डेटा रिकव्हरी सेवेकडे ती द्यावी आणि देताना मॉडेल क्रमांक, ऐकू आलेला आवाज आणि डिस्क पडली होती का, हे खरेखरे सांगावे.